जेरोलिम आणि बिशपांचा शिक्का

मला गोष्ट नीट लिहिता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. चर्चची घंटा वाजवणं आणि मेणबत्त्या लावणं, एवढंच मी जन्मभर केलं. पण परवा जेरोलिमला पुरलं तेव्हा कबरीपाशी त्याच्याबद्दल लोक इतकं गोड बोलले की तो स्वतः तिथे असता तर भलत्याच माणसाच्या अंत्यविधीला आलो म्हणून निघून गेला असता. म्हणून हे लिहितो. चुकलं तर फाडून टाका.

जेरोलिम आमच्या बेटावरच्या नोंदणी कचेरीत एकतीस वर्षं कारकून होता. त्याच्या शिक्क्याशिवाय इथे कुणाला जन्मायची सोय नव्हती आणि मरायचीही. बायबल लॅटिनमध्ये आणणारे संत जेरोम आमच्या या किनाऱ्याचे, दाल्मेशियाचे. वडिलांनी त्यांचं नाव आमच्या बोलीत याला ठेवलं, आणि नावाबरोबर संतांचं कामही आपल्याकडे आलं असं याने धरून चाललं. संतांचा रागीटपणा मात्र खरोखरच आला होता.

त्याचं म्हणणं असं की शास्त्राचा अर्थ ज्याने त्याने मनाने लावायचा नाही. अर्थ चर्च सांगणार, आपण ऐकणार. मनाने लावला की माणूस प्रोटेस्टंट झाला. यात चूक काहीच नाही, आमचे पाद्रीही बरंचसं हेच सांगतात. फक्त चर्च म्हणजे आपण स्वतः, एवढी बारीकशी दुरुस्ती जेरोलिमने कुणाला न कळवता करून घेतली होती. त्याच्या हिशेबाने सबंध बेटावर कॅथलिक असा तो एकटाच उरला होता. बाकी आम्ही सगळे प्रोटेस्टंट.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी त्याची मुलगी नेविंका तिकडे रियेका शहरात पहिलटकरीण होती. दिवस नव्या वर्षाच्या तोंडावर भरत होते. पेरिना, म्हणजे जेरोलिमची बायको, म्हणाली, "चाळीस दिवस जाऊन येते."

जेरोलिमला अंडंही उकडता येत नव्हतं. त्यामुळे त्याला लगेच संत पौल आठवले. "'बायकांनो, आपापल्या नवऱ्याच्या अधीन असा.' कलस्सैकरांस पत्र, अध्याय तिसरा. जाऊ नको असं मी नाही म्हणत. शास्त्र म्हणतंय."

"शास्त्राला दोन वेळचं जेवण माझ्याच हातचं लागतं वाटतं," पेरिना म्हणाली.

तिने आमच्या पाद्र्यांना, डॉन आंद्रियांना मधे घातलं. पाद्र्यांना आमच्याकडे डॉन म्हणतात. डॉन आंद्रिया वयाने लहान. इथल्या रीतीप्रमाणे ते जेरोलिमला बार्बा म्हणत, म्हणजे काका. "बार्बा, एक ओळ कापून खिशात घालायची नसते. पुढचीच ओळ नवऱ्यांना उद्देशून आहे. सगळं शास्त्र एकत्र धरून वाचायचं, आणि चर्चने ते कसं समजून घेतलंय तेही बघायचं."

"हे तुमचं मत झालं. मी बिशपांना लिहितो."

"लिहा. पण उत्तर येईल ते मानाल ना?"

"शिक्का असेल तर मानीन. मी काय प्रोटेस्टंट आहे?"

हे संभाषण खानावळीत, पत्त्यांचा डाव थांबवून झालं. म्हणजे बेटाने ऐकलं.

उत्तर नाताळानंतरच्या शनिवारच्या बोटीने आलं. जेरोलिमने ते फोडलं नाही. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर सर्वांसमक्ष फोडायचं ठरवलं, कारण विजय घरात साजरा करण्यात काय मजा? तो रविवार पवित्र कुटुंबाचा, म्हणजे मरिया-योसेफच्या घरच्या सणाचा. त्या दिवशी नेमका तोच उतारा वाचतात. शेवटच्या ओळी गाळायची मुभा आहे, आणि डॉन आंद्रिया त्या दरवर्षी गाळायला लावत. या वर्षी वाचायला जेरोलिम उभा राहिला आणि त्याने एक अक्षर गाळलं नाही. 'बायकांनो' इतक्या जोरात म्हणाला की दारातली कबुतरं उडाली. पुढची ओळ, 'नवऱ्यांनो, बायकांवर प्रेम करा, त्यांच्याशी कठोर वागू नका,' ही मात्र त्याला एकाएकी घसा बसल्यासारखी वाचावी लागली.

आता माझा गुन्हा कबूल करतो. पेरिनाची बॅग तीन दिवसांपासून चर्चच्या वस्त्रागारात, नाताळच्या गव्हाणीच्या पेंढ्याच्या खोक्यामागे मीच लपवली होती. उत्तर काहीही येवो, ती निघणारच होती. बोट बाराला होती, पुढची थेट बुधवारी. आणि नेविंकाला आता कधीही कळा सुरू होतील, असं सकाळीच फोनवर कळलं होतं.

मिस्सा संपली. चर्चच्या पायरीवर जेरोलिमने पाकीट फोडलं आणि कागद माझ्या हातात दिला. "तू वाच. मी वाचलं तर लोक म्हणतील पदरचं घातलं."

मला चार माणसांत खोकायलाही लाज वाटते. पण वाचलं. बिशपांनी लिहिलं होतं की संत पौल दुसऱ्या एका पत्रात आधी 'एकमेकांच्या अधीन असा' म्हणतात, आणि ही अधीनता दोन्ही बाजूंची आहे अशी चर्चची शिकवण आहे. आईला लेकीच्या बाळंतपणाला जाण्यापासून अडवायला हे वचन वापरता येत नाही. शेवटी एक ओळ होती: 'पवित्र मरिया आपली गरोदर नातलग एलिझाबेथ हिच्याकडे सुमारे तीन महिने राहिली. त्यासाठी योसेफची परवानगी घेतल्याची नोंद शुभवर्तमानात आढळत नाही.'

कुणी हसलं नाही. फक्त मासळीवाली लुचे म्हणाली, "आता काय, प्रोटेस्टंट होतोस का रे?"

जेरोलिमने कागद माझ्या हातून घेतला. शिक्का पाहिला. उजेडात धरून पुन्हा पाहिला. शाईवरून अंगठा फिरवला. एकतीस वर्षांत त्याने शिक्का खोटा म्हणून कितीतरी लोक परत पाठवले होते. खोटा आहे, असं म्हणायची ती एकच संधी होती, आणि पेरिना त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"अस्सल आहे," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "पेंढ्यामागची बॅग आण."

त्याला तीन दिवस माहीत होतं! मी आणली. धक्क्यापर्यंत ती त्यानेच उचलून नेली, कुणाला हात लावू दिला नाही. बोट सुटली तेव्हा तो ओरडला, "चाळीस दिवस!"

"तीन महिने!" पेरिना कठड्यावरून ओरडली. "शिक्का आहे!"

परतताना त्याने मला हळूच विचारलं, "अंडं किती वेळ उकडतात रे?"