कुणासंगं जेवलास?

"जेवलास? कुणासंगं?" असं विचारत अण्णा समोरच्याच्या टाळूवर चिकट पांढरं मलम थापायचे आणि त्यात एकेक वायर बसवायचे. तुम्ही म्हणाल, मेंदूचा आलेख काढताना जेवणाची चौकशी कशाला? आमच्या डॉक्टरसाहेबांनाही हाच प्रश्न पडायचा, फक्त जरा ओरडून.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेंगळुरातल्या एका इस्पितळात तरुण मुलांच्या नैराश्यावर संशोधन चाललं होतं. मी पुण्याहून आलेला, फॉर्म भरून घेणारा. अण्णा तिथले जुने तंत्रज्ञ, बसवनगुडीतल्या पिढीजात मराठी घरातले. "जेवण झालं का?" असं त्या गावात जो तो विचारतो. "कुणासंगं?" ही पुढची जोड मात्र अण्णांची. उत्तर ते फॉर्मच्या समासात पेन्सिलीने लिहायचे. साहेब मला खोडायला लावायचे. मी खोडायचो, अण्णा परत लिहायचे. एका अख्ख्या खोडरबराचा आम्ही दोघांनी मिळून फडशा पाडला.

पोरं वायरींना घाबरायची. मग हा साठीला टेकलेला माणूस दोन वायरी स्वतःच्या टकलावर चिकटवून कपाळावर सोडायचा. "बघ, मुंडावळ्या! वरात स्वल्प उशिरा निघाली, एवढंच." रडवेली पोरगीसुद्धा फिस्सकन हसायची.

"पण अण्णा, नैराश्य मेंदूत असतं ना?" मी एकदा अक्कल पाजळली.

"असतंय की. अन् मेंदू कुठं राहतो? खोलीत, एकटा. तुमची वायर तिथवर पोचत नाही रे."

तुलनेसाठी धडधाकट माणसंही लागायची. एके दिवशी एक कमी पडला, म्हणून साहेबांनी मलाच खुर्चीत बसवलं. अण्णांनी मलम थापलं.

"जेवलास?"

"हो."

"कुणासंगं?"

"रेडिओसंगं," मी विनोद केला.

"अन् परवा? तेरवा?"

मी बोटांवर दिवस मागे मोजत गेलो. चार महिने कुणीच नव्हतं. झोप लागते का, जगावंसं वाटतं का, हे मी दिवसभर दुसऱ्यांना विचारत होतो. माझीच उत्तरं मला नको होती. मलम डोक्यावर आणि मी भोकाड पसरून रडतोय!

अण्णांनी माझा फॉर्म उचलून आजाऱ्यांच्या गठ्ठ्यात ठेवला. "साहेब, हा चालायचा नाही. दुसरा बघा." साहेबांनी ओरडायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. औषध त्यांनी सुरू केलं. जेवायला अण्णांनी घरी नेलं.

"अय्यो, ह्याच्या केसात पीठ कुणी सांडलं?" वाढता वाढता अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, विचारलं. पुढे दर गुरुवारी माझं पान तिथंच. मी त्या घरामुळे जगलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

काही वर्षांनी अण्णा गेले. तेराव्याला पंगतीत सगळेच अनोळखी. शेजारच्या दाढीवाल्याला मी विचारलं, "तुम्ही अण्णांचे कोण?"

तो घुटमळला. "कुणी नाही. त्यांनी एकदा माझ्या डोक्याला मलम..."

पलीकडच्या बाईचा घास हातातच राहिला. समोरचे दोघं वर बघायला लागले. एकाचा हात तर आपोआप टाळूवर गेला.

अक्का भाताचं पातेलं घेऊन आल्या. "सावकाश जेवा रे. एकटं कुणी बसलं नाही ना?"

"नाही अक्का," आम्ही एकदमच म्हणालो.