लहान आकड्याचा डाव

मिल बंद पडली त्याच वर्षी आमच्या छत्रीबाग मोहल्ल्यात डिश आली. एका घराच्या गच्चीवर ती भलीमोठी थाळी बसली आणि तिथून गल्लीभर वायरी लोंबकळायला लागल्या. बाजार खुला झाला, आता बाहेरचा माल येणार, असं मोठी माणसं नाक्यावर बोलत. आमच्यापर्यंत त्या मालातलं आलं काय, तर परदेशी पहिलवान. तेल चोपडलेले, लांब केसांचे, एकमेकांच्या पाठीत खुर्च्या घालणारे. आमच्याकडे टीव्ही नव्हता, तरी मला ते सगळे पाठ होते, कारण त्यांचे पत्ते निघाले होते.

प्रत्येक पत्त्यावर एकाचा फोटो आणि खाली त्याचे आकडे: रँक, उंची, वजन, छाती, जिंकलेल्या लढती. दोघांनी आपापल्या गड्डीतला वरचा पत्ता उचलायचा. ज्याचा बोल असेल त्याने एक आकडा पुकारायचा, समजा वजन. ज्याच्या पहिलवानाचं वजन जास्त, तो दोन्ही पत्ते जिंकला आणि पुढचा बोलही त्याचाच. फक्त रँकमध्ये लहान आकडा जिंकायचा, कारण एक नंबरचा पहिलवान सगळ्यांत भारी.

खेळायचे प्रकार अनेक होते आणि कोणता निवडायचा यावर गल्लीत मारामाऱ्या व्हायच्या. ‘पूरी’ म्हणजे सगळीच्या सगळी गड्डी लावायची. ती ज्यांच्याकडे ढीगभर पत्ते त्यांच्या सोयीची. माझ्यासारखीने पूरी खेळणं म्हणजे दार उघडून चोराला चहा विचारणं होतं. ‘दस्सा’ म्हणजे आपापले दहा निवडून आणायचे. आणि ‘उलटा’ म्हणजे लहान आकडा जिंकणार. उलटा कोणी फारसा खेळत नसे, कारण आडदांड पहिलवान जमवायला पैसे घालायचे आणि मग ते हरताना बघायचे, हे कोणाला आवडणार? मला आवडायचा. माझ्याकडे आडदांड नव्हतेच.

बाबा मिलमध्ये विणाई खात्यात होते. शेवटच्या पगारातून त्यांनी मला एक सबंध नवी गड्डी आणली, तेव्हा आईने त्यांच्याशी अबोला धरला होता. आणली माझ्यासाठी, पण झाली त्यांचीच. सकाळी ते मिलच्या गेटवर जाऊन बसत. तिथे रोज कोणीतरी सांगे की दिवाळीनंतर मिल सुरू होणार, निवडणुकीनंतर नक्की होणार. दुपारी जेवायला घरी येत आणि मग आम्ही दोघं खेळायला बसायचो. त्यांच्या हातात ती सबंध गड्डी, माझ्या हातात चिंगमबरोबर मिळालेले, बदलाबदलीत आलेले, कोपरे गेलेले माझे पत्ते. खोली एकच, त्यामुळे आई आमच्या खेळात नसली तरी तिच्या कानावर सगळे आकडे पडत. बाबा हरले की मला चिडवत, जिंकले की जास्त चिडवत. मिल बंद झाल्याचं दुःख मला होतं असं मी म्हणणार नाही. दुपारी बाबा घरी असतात याचा मला फार आनंद होता, आणि तो लपवायची अक्कल नव्हती.

मग एका संध्याकाळी मिलमधलेच एक काका आले. ते भिवंडीला पॉवरलूमवर लागले होते आणि आठवडाभरासाठी घरी आले होते.

“एक लूम खाली आहे भिया,” ते बाबांना म्हणाले. “खोलीत झोपायला जागा पण आहे. मी रविवारी सकाळच्या बसने निघतोय. यायचं असेल तर चला, नंतर तुमच्यासाठी कोणी रुकून नाही बसणार.”

“बघतो,” बाबा म्हणाले.

आईने बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरची पिशवी काढून धुतली आणि दोरीवर वाळत घातली. त्या पिशवीकडे बघून माझं डोकंच फिरलं. बाबा दुपारी आले तशी मी त्यांच्यासमोर बसले.

“शनिवारी दस्सा लावायचा. मी जिंकले तर तुम्ही भिवंडीला नाही जायचं.”

ते हसले. “आणि मी जिंकलो तर?”

“तर जा.”

“मंजूर.”

“पक्का?”

“मंजूर म्हटलं ना बेटा,” ते म्हणाले, आणि या वेळी हसले नाहीत. आई पलीकडे तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

त्या आठवड्यात मी शाळेत काय शिकले ते देवाला ठाऊक. माझ्या डोक्यात दहा पत्ते होते. सरळ दस्सा खेळले तर मी मेले, हे उघड होतं. बाबांची गड्डी सबंध, आणि त्यांना मोठी माणसं आवडायची. ते दहाच्या दहा वरचे पहिलवान घेणार, डोळे मिटून. म्हणजे मला उलटाच हवा होता. पण दस्सा सरळ की उलटा, हे ठरवायचा हक्क आधीचा डाव हरलेल्याचा असे, आणि ते दोघांचे दहा पत्ते निवडून झाल्यावरच सांगायचं असे. तर शुक्रवारी मला हरायचं होतं. आणि शनिवारपर्यंत माझ्या गड्डीत सगळे किडकिडे, बुटके, सडपातळ पहिलवान जमायला हवे होते. त्यांना मी मच्छर म्हणायचे.

पैसे नव्हतेच, त्यामुळे होते तेच पत्ते फिरवायचे होते. राजेंद्र नगरला माझा आतेभाऊ राहायचा. त्याचे वडील बँकेत, त्याच्याकडे पत्त्यांचा डबा भरलेला. माझ्याकडे एकच चीज होती, चार नंबरचा पहिलवान, तोही चिंगममधून अवचित निघालेला. ती घेऊन मी एवढं लांब चालत त्याच्याकडे गेले.

“याच्या बदल्यात तुझे तीन मच्छर दे,” मी म्हटलं.

“पागल आहे का तू?” तो म्हणाला. “हा नंबर चार आहे. ये फालतू कोण घेतं?”

“मी घेते. देतोस की नाही?”

त्याने लगेच दिले, माझा विचार बदलेल या भीतीने. परत येताना मी इतकी खूश होते की वाटेत कोणी लागलं असतं तर त्यालाही सांगितलं असतं. नऊ मच्छर जमले. दहावा काही केल्या मिळेना, तेव्हा एक मध्यम अंगाचा, त्यातल्या त्यात बुटका घालून वेळ मारून नेली.

शुक्रवारी मी हरले. मुद्दाम हरणं फार अवघड असतं, निदान माझ्या स्वभावाच्या माणसाला. बाबांनी शेवटचा पत्ता घेतला आणि माझ्याकडे जरा निरखून बघितलं. मला वाटलं, समजलं यांना. पण ते गड्डीला रबर लावून उठले. त्या रात्रीही अंथरुणात पडल्यावर मला आठवडाभर वाटणारी एकच धाकधूक वाटत राहिली. मोठी माणसं पोरांना मंजूर म्हणतात आणि विसरून जातात. मी जिंकले आणि तरी ते गेले तर?

शनिवारी दुपारी आई स्टोव्हसमोर बसून प्रवासासाठी दशम्या करत होती. दूध-गुळात भिजवलेल्या कणकेचा वास खोलीभर होता. पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. म्हणजे तिच्या लेखी आमचा डाव झालाही होता आणि संपलाही होता. मला त्याचा इतका राग आला की मी पत्ते जमिनीवर आपटूनच बसले.

आम्ही दहा दहा पत्ते काढून पुढे ठेवले, पिसले.

“बोल, कोणता?” बाबांनी विचारलं.

“उलटा. लहान आकडा जिंकणार.”

“बरं.”

“बरं नाही, नीट ऐका. नंतर तुम्ही म्हणाल छातीत नाही, लढतीत नाही. सगळ्यात लहान आकडा जिंकणार.”

“सगळ्यात?”

“सगळ्यात म्हणजे सगळ्यात. म्हणा.”

“सगळ्यात,” बाबा म्हणाले.

प्रकार ठरवणाऱ्याने पहिला बोल समोरच्याला द्यायचा, असा नियम होता. बाबांनी पत्ता उचलला, बघितला आणि म्हणाले, “वजन.” मला हसूच आलं. त्यांच्या हातात डोंगराएवढा पहिलवान, माझा काडी. दोन्ही पत्ते मी ओढून घेतले. मग बोल माझा. वजन. पुन्हा वजन. मग छाती. चार हात माझे झाले. जिंकलेले पत्ते बाजूला जात होते, पुन्हा खेळायचे नव्हते. दहातले सहा ज्याचे तो जिंकला. मला अजून दोनच हवे होते. माझे कान गरम झाले होते.

पाचवा पत्ता उचलला तर तो मध्यमवाला. मी विचार करून उंची म्हटलं. नेमका बाबांचा पहिलवान त्याच्याहून बुटका निघाला, जाडा आणि बुटका. गेला तो हात. तरी चार-एक होतं, घाबरण्यासारखं काही नव्हतं. फक्त बोल आता त्यांचा होता.

बाबांनी पुढचा पत्ता उचलला. अंगठा त्यांनी पत्त्याच्या सगळ्यात वरच्या ओळीवर ठेवला होता. वरच्या ओळीत रँक असते.

आणि मला माझी चूक दिसली. रँकमध्ये लहान आकडा आधीपासूनच जिंकत होता. गल्लीतली पोरं उलटा खेळताना रँकसुद्धा उलटवायची, मग शेवटच्या नंबरचा जिंकायचा. मी मात्र दमदाटी करून ‘सगळ्यात लहान’ वदवून घेतलं होतं. बाबांचे सगळे पत्ते पहिल्या नंबरांचे. माझे सगळे शेवटचे. एक चार नंबरचा होता, तो मी स्वतःच्या पायांनी राजेंद्र नगरला पोहोचवून आले होते. बाबांनी आता रँक म्हटलं की तो हात त्यांचा, पुढचा बोल त्यांचा, आणि मग पुन्हा रँक, पुन्हा रँक, शेवटपर्यंत.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना दिसलं होतं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की पहिल्याच पत्त्याला दिसलं होतं, तरी ते वजन म्हणाले होते. बाबांना जायचंच नव्हतं. मला एकदम त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

त्यांनी अंगठा खाली सरकवला. “वज...”

“रँक म्हणा,” आई म्हणाली.

तिची पाठ आमच्याकडे होती. हातातली दशमी तिने तव्यावर टाकली.

“तू तुझं काम बघ,” बाबा म्हणाले.

“बघतेय. रँक म्हणा.”

“पोरीचा खेळ आहे तो.”

“मग नीट खेळा.”

“आई, तू नको ना बोलू बीच में,” मी ओरडले. “चीटिंग आहे ही.”

आता ती वळली. तोंड लालबुंद झालेलं, स्टोव्हमुळे की कशामुळे. “चीटिंग कसली? सगळ्यात म्हणजे सगळ्यात. तूच म्हणालीस ना?”

बाबा हातातल्या पत्त्याकडे बघत राहिले. स्टोव्हचा आवाज तेवढा चालू होता, आणि दशमी करपायला लागली तरी आई उलथनं हातात धरून तशीच बसली होती. ती बाबांकडे बघत होती. रागाने नाही. त्या नजरेची मला भीती वाटली, कारण माझ्याकडून काही चुकलं की मी अशीच कोणाकडेतरी बघायचे, की आता तुम्हीच सांभाळा.

“रँक,” बाबा हळूच म्हणाले.

त्यांचा दोन. माझा सव्वीस. पुढचा पत्ता. रँक. पुढचा. प्रत्येक वेळी ते जरा थांबायचे, कोणी अडवतंय का बघितल्यासारखे, आणि आई काही बोलायची नाही. शेवटचा मच्छर त्यांच्याकडे गेला तेव्हा मी रडत नव्हते. मी सगळे पत्ते गोळा केले, त्यांचे आणि माझे, आणि दारातून गल्लीत भिरकावून दिले. बाबा उठून बाहेर गेले, एकेक वेचून पायजम्याला पुसून आणले आणि रबर लावून फळीवर ठेवले. आईने करपलेली दशमी स्वतःच्या ताटात काढली. मी जेवले नाही.

रविवारी सकाळी आम्ही त्यांना सोडायला बसस्टँडवर गेलो. काका खिडकीशी बसले होते, बाबा त्यांच्या शेजारी. अभ्यास कर, आईला त्रास देऊ नको, असं सगळे सांगतात तेच त्यांनी सांगितलं. बस आग्रा-बॉम्बे रोडच्या दिशेने वळली. मी हात हलवला नाही, आणि नंतर हलवायला हवा होता असं वाटून स्टँडभर रडले.

परतताना आई पुढे, मी मागे. तिच्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण खान नदीच्या पुलावर मला राहवलं नाही.

“तुला एवढं बोलायची काय गरज होती? मी जिंकले असते तरी ते गेलेच असते. मला उगाच मंजूर म्हणाले होते.”

आई थांबली. कठड्याला हात टेकून तिने खाली बघितलं, मग माझ्याकडे.

“उगाच नाही म्हणाले,” ती म्हणाली. “आठवडाभर मला सांगत होते, पोरीला जबान दिलीय, ती जिंकली तर मी नाही जाणार. खरंच नसते गेले गं. परत त्या गेटवर जाऊन बसले असते.”

आठवडाभर मी एकाच भीतीने झोपले नव्हते, की बाबा शब्द पाळणार नाहीत. ते पाळतील, या भीतीने तीही माझ्या शेजारीच जागी होती.