सर्व्हिस चार्ज कोणाच्या हाती?

तमाम वधूपित्यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, केटररच्या बिलातला सर्व्हिस चार्ज वाढणाऱ्यांच्या हाती पडतोच असे नाही.

हे सत्य माझ्या मेहुण्यांना, वसंतरावांना, भाचीच्या लग्नात शेवटची पंगत उठल्यावर कळले. ते खुद्द केटररनेच सांगितले, तेही हसत! वसंतरावांनी खिशातून बक्षिसीचे पाकीट काढले. समोर वाढपाच्या चार बायका पिशव्या घेऊन उभ्या. बाहेर त्यांचा टेम्पो हॉर्न वाजवत होता.

केटररने हात पुढे केला. "माझ्याकडे द्या साहेब, मी वाटतो."

पाकीट अधांतरी थांबले. ताटावर "नको, नको" म्हणत आडवा धरलेला हात या बायकांना लांबून दिसतो, आणि तरीही त्या वाढतातच. त्यांचा न पसरलेला हात मात्र आपल्याला दिसत नाही. चौघी फरशीकडे बघत होत्या. वसंतराव भिडस्त माणूस. पाकीट केटररच्या बोटांना टेकलेच होते.

तेवढ्यात माझी बहीण भर हॉलमध्ये कडाडली, "अहो, या केटररसाहेबांनी तुम्हाला एक तरी पुरी वाढली का?"