भिंतीवरचं हिरवं

रत्नदीप शेजवळला कोणी टेस्टर म्हटलेलं आवडत नसे, आणि आमच्या ऑफिसात त्याला दुसरं काही कोणी म्हणत नसे.

आमचं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये, एका जुन्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली पुठ्ठ्याचे बॉक्स बनतात, वर आम्ही पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवतो. लॅबमधल्या मशीनवरून रक्ताचे आकडे येतात आणि त्यांचा पेशंटच्या हातात द्यायचा छापील रिपोर्ट तयार होतो, एवढंच आमचं काम. आमचे ग्राहक म्हणजे कळव्यापासून बदलापूरपर्यंतच्या छोट्या लॅब. त्यांच्या तक्रारींचे फोन मी घेते. माझं टेबल रत्नदीपच्या टेबलाला चिकटून होतं, त्यामुळे त्याची चिडचिड मला फुकटात ऐकायला मिळायची.

चिडायला कारणही होतं. सॉफ्टवेअरमध्ये काही बदललं की रत्नदीप आणि संचिता, आमचे दोन टेस्टर, खोटे पेशंट भरायचे, त्यांचे रिपोर्ट छापायचे आणि जुन्या रिपोर्टशी डोळ्यांनी ताडून बघायचे. ओळ न् ओळ. इतर कंपन्यांत अशा पेशंटचं नाव 'एबीसी' असतं. रत्नदीपने त्यांना माणसांची नावं दिली होती. काळुराम, वय साठ, मधुमेह. गोदूबाई, अशक्त. सान्वी, वय चार, ताप. तो त्यांच्याबद्दल नातेवाइकांसारखा बोलायचा. "पाच वर्षं झाली, गोदूबाईंचं हिमोग्लोबिन काही आठच्या वर जात नाही," असं म्हणून कपाळावर हात मारायचा.

पाच वर्षं हेच. तो कोपरीत राहायचा, कल्याणच्या कॉलेजातून बीएस्सी आयटी झालेला. घरच्यांच्या लेखी तो सॉफ्टवेअर बनवतो. त्याची आई, रमाबाई, एकदा डबा द्यायला ऑफिसात आलेल्या. त्यांनी सरळ विचारलं, "यातलं तू बनवलेलं कुठलं रे?" रत्नदीप म्हणाला, "मी तपासतो, आई." त्या म्हणाल्या, "बरं, पण बनवलेलं कुठलं?"

त्याला डेव्हलपमेंटमध्ये जायचं होतं. खिडकीजवळच्या त्या रांगेत, जिथे कोड लिहिणारे बसतात. दरवर्षी तो मागायचा आणि आमचे मालक दौलत सर दरवर्षी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायचे. गेल्या वर्षी मात्र ते म्हणाले, "हे हाताने चाललंय ना, ते ऑटोमॅटिक करून दाखव. मग घेतो तुला तिकडे. शब्द देतो."

रत्नदीप कामाला लागला. डेव्हलपमेंटचा मुख्य सुशांत. त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "सर्व्हरवर नवीन काही टाकायचं नाही हां, रत्न्या. आहे त्यात भागव."

आहे त्यात म्हणजे लिनक्सची काळी खिडकी आणि शेल स्क्रिप्ट. एकाखाली एक आज्ञा लिहायच्या, मशीन त्या ओळीने पाळतं. रत्नदीपने ठरवलं, प्रत्येक पेशंटची एक छोटी स्क्रिप्ट. ती रिपोर्ट काढेल, साठवलेल्या बरोबर रिपोर्टशी ताडून बघेल आणि शेवटी मशीनला एक आकडा सांगेल. शून्य म्हणजे पास, दुसरं काहीही म्हणजे नापास. आणि या सगळ्या स्क्रिप्टना ओळीने हाकणारी एक मोठी स्क्रिप्ट. ऐकायला सोपं आहे.

पण रिपोर्टवर आजची तारीख छापलेली असते. त्यामुळे काल बरोबर असलेला रिपोर्ट आज चूक. तारीख झाकायची सोय केली, तर लॅबवाल्यांकडून आलेल्या फायलींच्या नावांत मोकळ्या जागा. 'नवीन रिपोर्ट फायनल' या एका फाइलला स्क्रिप्ट तीन फायली समजायची आणि तिन्ही सापडत नाहीत म्हणून बोंबलायची. ते निस्तरलं, तर सुशांतने त्याच्या विंडोजवरून पाठवलेल्या प्रत्येक फाइलमध्ये ओळीच्या टोकाला एक न दिसणारं अक्षर. दोन फायली शेजारी शेजारी, दिसायला सारख्या, आणि मशीन म्हणतंय वेगळ्या आहेत.

"डोळे फुटलेत का माझे?" रत्नदीप स्क्रीनला नाक लावून विचारायचा. "ऐश्वर्या, इकडे ये. सांग, यात काय फरक आहे?"

"काही नाही."

"मग हा का भुंकतोय?"

संचिता त्या दिवसांत एकटीच हाताने तपासत होती. ती म्हणायची, "दादा, तेवढ्यात दोनदा तपासून झालं असतं." तिचं चूक नव्हतं, म्हणून तो जास्त चिडायचा.

तरी ते उभं राहिलं. पहाटे आणि दुपारी आपोआप चालायचं, सकाळी आल्यावर निकाल तयार. पहिल्याच महिन्यात काळुरामच्या रिपोर्टमधली दशांशाची चूक पकडली गेली. सुशांतने मान हलवून ती दुरुस्त केली. रत्नदीपने त्या दिवशी सगळ्यांना कटिंग चहा पाजला.

मग दौलत सरांना ते दिसलं. म्हणजे खरं तर दिसत नव्हतं, हीच त्यांची अडचण होती.

"हे एवढं छान चालतंय आणि दाखवायला काहीच नाही? लोक येतात ऑफिसात. भिंतीवर टीव्ही लावू. उजवीकडे हिरवं-लाल आणि डावीकडे त्या ओळी पळताना दिसल्या पाहिजेत. झराझरा."

"सर, त्या ओळी वाचणार कोण?"

"वाचायच्या कशाला? दिसल्या पाहिजेत."

टीव्ही आला, हारही घातला. ओळी फाइलमध्ये लिहिल्या जाव्यात आणि टीव्हीवरही पळाव्यात, म्हणून रत्नदीपने प्रत्येक टेस्टच्या शेवटी आणखी एक आज्ञा जोडली. नळाला फाटा काढतात तशी. पाणी इकडेही, तिकडेही.

त्या दिवसापासून सगळं हिरवं झालं. लॅबवाले यायचे, दौलत सर त्यांना टीव्हीसमोर उभं करायचे. डोंबिवलीतल्या एका मोठ्या लॅबने, तिच्या बऱ्याच शाखा आहेत, सोमवारी नवीन आवृत्ती बघायला येतो म्हणून कळवलं. दौलत सर रत्नदीपच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सोमवार होऊ दे. खुर्ची तुझी."

शुक्रवारी दुपारी आमच्या गल्लीतली वीज गेली. टीव्ही आणि रत्नदीपचं मशीन बॅटरीवर होतं, ते चालू राहिलं. आतल्या खोलीतला डेटाबेस, जिथे सगळे खोटे पेशंट साठवलेत, तो बंद पडला. रत्नदीप डबा खात होता. दुपारची फेरी आपोआप सुरू झाली आणि टीव्हीवर एकेक चौकोन उजळायला लागला.

काळुराम, हिरवा. गोदूबाई, हिरव्या. सान्वी, हिरवी.

"वा, लाइट नसतानाही पास!" संचिता म्हणाली.

रत्नदीपचा घास हातातच राहिला. डेटाबेस बंद. मशीनपाशी एकही पेशंट नाही. रिपोर्ट निघूच शकत नाही. आणि सगळे पास?

त्याला कळायला फार वेळ लागला नाही. जोडून दिलेल्या आज्ञांमध्ये मशीन फक्त शेवटच्या आज्ञेला विचारतं, 'ठीक झालं ना?' शेवटी होता तो फाटा. टेस्ट आपटली तरी फाट्याचं काम एवढंच, की आलेल्या ओळी इकडे-तिकडे पोचवायच्या. त्या त्याने पोचवल्या. तो म्हणायचा, 'ठीक.' पोराच्या निकालाबद्दल पोस्टमनला विचारावं, आणि त्याने 'पत्र टाकलं' म्हटलं की पेढे वाटावेत, तसं चाललं होतं.

"टीव्ही लागल्यापासून," तो म्हणाला. "टीव्ही लागल्यापासून आपण काहीच तपासलेलं नाही."

दुरुस्ती एका ओळीची होती. वीज आल्यावर त्याने ती केली आणि फेरी पुन्हा चालवली. निम्मा टीव्ही लाल.

सुशांत खुर्चीवरून उठून आला. "काय केलंस रे हे?"

"काही नाही. खरं बोलायला लावलं."

"सकाळी हिरवं होतं. तू हात लावलास आणि लाल झालं. म्हणजे बिघडलं कुठे? तुझ्याकडे. माझा कोड सकाळपासून तोच आहे."

"तुझा कोड तोच आहे, हेच तर म्हणतोय मी."

"रत्न्या, सोमवारी लोक येतायत. तुझी शाळा नंतर घे."

सुशांतचं अर्धं खरं होतं, हे सगळ्यात वाईट. लालमधले पुष्कळसे रत्नदीपच्याच स्क्रिप्टचे दोष होते, जे हिरव्याखाली झाकले गेले होते. शनिवार आणि रविवार तो एकेक लाल उघडत बसला. हे माझं, हे सुशांतचं. हेही माझं. स्वतःलाच शिव्या घालायचा. रविवारी दुपारी मला फोन केला, "अगं, मीच लिहिलेलं मलाच कळत नाहीये. कोणत्या गाढवाने ही नावं ठेवलीत? 'टेस्ट नवीन', 'टेस्ट नवीन दोन'!"

"तूच ठेवलीस, दादा."

"माहितीये!"

सोमवारी सकाळी थोडेच लाल उरले. ते सगळे खरे होते. त्यात सान्वीचा रिपोर्ट होता. चार वर्षांच्या मुलीच्या आकड्यांपुढे मोठ्या माणसांच्या मर्यादा छापल्या जात होत्या. साध्या तापाचं पोर रिपोर्टवर गंभीर आजारी दिसत होतं.

दौलत सर आले, टीव्ही बघितला आणि दारातच थांबले. रत्नदीपने सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण नजर घड्याळावर.

"बरोबर आहे तुझं. चांगलं पकडलंस. आता असं कर, आजच्यापुरतं ते जुनं लाव."

"जुनं म्हणजे?"

"हिरवं होतं ते. लोक गेले की तुझं परत लाव. सुशांत आठवड्यात दुरुस्त करेल सगळं."

"सर, ते हिरवं खोटं आहे."

"अरे बाबा, कोणाला विकत देतोय का मी तो टीव्ही? दाखवायचाय फक्त."

रत्नदीपला खुर्ची हवी होती. मी समोरच होते. त्याचा हात कीबोर्डवर गेलेला मी बघितला. एक ओळ काढली असती की झालं असतं. त्याने हात मागे घेतला आणि खिशात घातला.

"नुसता हिरवा रंगच हवा असेल तर पेंटर बोलवा, सर. मी नाही लावणार."

दौलत सरांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. डोंबिवलीचे लोक आले, चहा प्यायले, काळ्या टीव्हीखाली बसून बोलले आणि गेले. सरांनी त्यांना सांगितलं की आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलतोय, तपासणी कडक असते आमच्याकडे. त्या लोकांना ते आवडलं. रत्नदीपला हे नंतर कळलं, तेव्हा तो नुसता "हं" म्हणाला.

सान्वीची चूक सुशांतने दुरुस्त केली. करताना तीनदा म्हणाला की ही चूक कधीतरी सापडलीच असती.

आणि महिन्याने खिडकीजवळची खुर्ची संचिताला मिळाली.

दौलत सरांनी रत्नदीपला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं. "बघ, आता हाताने तपासायचं काम उरलेलं नाही. संचिता मोकळी झाली, म्हणून तिला तिकडे घेतली. तू गेलास तर हे चालवणार कोण? तुझ्याशिवाय कोणाला कळतच नाही ते."

"म्हणजे मी चांगलं केलं म्हणून मी इथेच."

"तसं नको घेऊ रे. तू महत्त्वाचा माणूस आहेस."

"शब्द दिला होता तुम्ही."

"बदली माणूस आण. लगेच सोडतो."

संचिता दोन दिवस त्याच्यासमोर यायचं टाळत होती. शेवटी तोच तिच्याकडे गेला. "संकोचू नकोस. तू मागितलं नव्हतंस." परत येऊन माझ्या टेबलावर मात्र मूठ आपटली. "तिने मागितलं नव्हतं! मी पाच वर्षं मागतोय!"

मग त्याने मला शिकवायला घेतलं. मी होकार दिला होता असं नाही. दुपारी फोन कमी असतात, तेव्हा तो खुर्ची ओढून बसायचा. शिकवताना त्याचा धीर पटकन सुटायचा. मी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याला त्याच्याच एखाद्या जुन्या चुकीपाशी नेऊन सोडायचा आणि मग तो माझ्यावर चिडतोय की स्वतःवर, हे कळायचं नाही.

गेल्या बुधवारी त्याने अर्धी सुट्टी टाकली. ऐरोलीतल्या एका कंपनीत मुलाखत होती, कोड लिहिण्याच्या जागेसाठी. हे फक्त मला माहीत होतं. सकाळी आल्या आल्या म्हणाला, "आज एक टेस्ट तू एकटीने लिही. आणि पास झाली म्हणून नाचू नको. आधी मुद्दाम नापास करून बघ."

मी सान्वीच्या धाकट्या भावाची टेस्ट लिहिली, त्याचं नाव बंटी ठेवलं. पास झाली. मग बंटीच्या साठवलेल्या बरोबर रिपोर्टमधला एक आकडा मुद्दाम चुकवला आणि पुन्हा चालवली.

रत्नदीप बॅग खांद्याला लावून दारापर्यंत गेला होता.

"दादा, पास झाली."

"काय बदललंस?"

"बंटीच्या प्लेटलेट्स."

"आणि पास?"

"पास."

तो वळला. त्याने घड्याळ बघितलं, टीव्हीवरचा माझा हिरवा चौकोन बघितला आणि त्याच्या तोंडावर तो भाव आला, जो मी वर्षभर बघत आलेय. "दोन मिनिटं," म्हणून त्याने खुर्चीला हात घातला.

मी खुर्ची पायाने धरून ठेवली. "तू जा. मी शोधते."

"अगं, दोन मिनिटांचं काम आहे."

"तुझी दोन मिनिटं मला माहितीयेत. सहा वाजतील. जा."

तो क्षणभर तसाच उभा राहिला, खुर्चीची पाठ धरून. मग सोडली. "तो टीव्ही बंद कर आधी. खोटं हिरवं नको भिंतीवर."

मी टीव्ही बंद केला. तो जिना उतरायला लागला. खाली बॉक्सवाल्यांचं मशीन धडधडत होतं, त्यावरून त्याचा आवाज वर आला.

"जुनीच फाइल वाचत असेल बघ! फाइल कुठून उचलते, तो रस्ता तपास!"

"जा रे!" मी ओरडले, आणि रस्ता तपासायला बसले.