राव सारांचा प्रश्न: मधे काय झालं?

राव सारांची (आमच्याकडे सरांना सार म्हणतात) आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्या वडिलांच्या फजितीने. कुंभकोणमच्या बाजारात एका पितळी भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर सारांची टंकलेखन आणि लघुलिपीची संस्था आहे. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास वडील मला तिथे नाव घालायला घेऊन गेले. आमच्या तंजावरी मराठीत दोघांच्या पाऊण तास गप्पा झाल्या, आणि सारांची पेन्सिल मात्र थांबली नाही. शेवटी त्यांनी वही उचलून सगळं जसंच्या तसं वाचून दाखवलं. "आमची पोर हुशार, मोठ्या कचेरीत बसंल" हे वाचलं, आणि त्यापुढचं "लग्नपर्यंत कसंतरी वेळ जायास पाह्यजे" हेही वाचलं. वडील खिडकीबाहेर पाहू लागले. सारांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, "दोन्ही तुमीच बोलले. मधे काय झालं?"

हा प्रश्न त्यांनी पुढे किती जणांना विचारला याची गणती नाही. आज सार पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. गौरवअंकाच्या समितीने मला त्यांच्या शिकवण्याबद्दल लिहायला सांगितलं आहे. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं-मुली गावोगावच्या कचेऱ्यांत बसली आहेत, त्यांच्याबद्दल इतर लिहितीलच. मी त्यांच्या एका वहीबद्दल लिहिणार आहे, कारण माझा संसार त्या वहीतून उभा राहिला.

सारांनी श्रुतलेखनासाठी छापील उतारे कधी वापरले नाहीत. गावात कुठल्याही पक्षाची सभा असली की ते घडीचं स्टूल घेऊन मंचाखाली जाऊन बसत, भाषण अक्षरन् अक्षर टिपून घेत आणि सकाळी आम्हाला तेच सांगत. सुरुवातीला पुढाऱ्यांना ते पोलिसांचे माणूस वाटायचे. पुढे सवय झाली, आणि ते दिसले नाहीत तर पुढारीच चौकशी करू लागले. एखाद्याने परवाचं आज फिरवलं तर आम्ही हसायचो, कुणी शिव्या द्यायचं. सार दोन्ही करत नसत. ते पानाच्या कडेला पेन्सिलीने आपला प्रश्न लिहीत आणि खरोखर विचारात पडत.

पापनाशमचे कदिरवेलू हे आमच्या भागातले पुढारी; सगळे त्यांना 'अय्या', म्हणजे साहेब, म्हणत. तमिळनाडूत भटजीशिवाय, होमाशिवाय लग्नं लागतात हे महाराष्ट्रातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. एक पुढारी अध्यक्ष म्हणून उभे राहतात, वधूवर एकमेकांना मालै, म्हणजे हार, घालतात, पुढारी भाषण करतात आणि लग्न लागतं. कायदाही ते मानतो. अशा लग्नांत कदिरवेलूंचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांचं एक भाषण सारांचा आवडता उतारा होता: "लग्नाला मुहूर्त नको, जात नको, मध्यस्थ नको. दोन माणसांनी एकमेकांना मनापासून पत्करलं की लग्न झालं. तिसऱ्याने तोंड घालायचं कारण नाही."

हा उतारा मी इतक्या वेळा टंकला की बोटांना पाठ झाला. शेजारच्या यंत्रावर मल्लिका तोच उतारा टंकत असे. ती तिरुभुवनम्‌च्या रेशीम विणकर सोसायटीत कामाला होती, बढतीसाठी टंकलेखन शिकायला येत होती. वर्षभरात आम्हाला कळून चुकलं की आम्हाला एकमेकींशिवाय राहायचं नाही. मी हे आडपडद्याने लिहीत नाही, कारण सारांच्या वहीने मला तसं शिकवलं नाही. आणि मग आम्ही ती चूक केली, जी लघुलिपीच्या विद्यार्थिनींनाच सुचू शकते. श्रुतलेखनाचा उतारा आम्ही वचन समजून बसलो.

आम्ही पापनाशमला कदिरवेलूंच्या घरी गेलो आणि लग्नाला अध्यक्ष व्हा म्हणून विनंती केली. त्यांनी कॉफी मागवली, खूश झाले. "मुलगे कुठले?" असं विचारलं.

मल्लिका म्हणाली, "मुलगे नाहीत, अय्या. आम्ही दोघीच."

ते आधी हसले. मग कॉफीचा पेला खाली ठेवला. "मी नाही कसं म्हणू?" असं म्हणाले. "तारीख कळवा." आम्ही परतताना बसमध्ये उड्या मारायचंच बाकी ठेवलं. मल्लिकाचे थोरले भाऊ लग्नाच्या विरोधात होते, तेही एवढ्यावर नरमले. कदिरवेलू स्वतः उभे राहणार असतील तर मी आडवा येणार नाही, असं त्यांनी बहिणीला सांगितलं.

महिन्याभराने एका सकाळी सारांनी दोन उतारे सांगितले, एकापाठोपाठ एक. पहिला आमचा जुना. दुसरा आदल्या संध्याकाळच्या लग्नातला: "एका पुरुषाने आणि एका स्त्रीने एकमेकांना पत्करलं की लग्न झालं." वर्गाला वाटलं, वेगाची परीक्षा आहे. माझे हात यंत्रावरच थांबले, आणि सारांनी ते पाहिलं. निवडणूक जवळ आली तसं तिसरं भाषण आलं, आणि त्यात तर "असले प्रकार आपल्या मातीतले नाहीत" असं होतं. ते मल्लिकाच्या थोरल्या भावांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्यांनी बहिणीला बजावलं: आता पुरे, घरी बस, स्थळ पाहिलं आहे.

त्यानंतर एका दिवशी वर्ग सुटल्यावर सारांनी मला थांबवून घेतलं. घरच्या भाषेत म्हणाले, "अगो, मज भाषण लिवास येतें, मन लिवास येत नाही. तूच सांग, मधे काय झालं?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. पहिल्यांदाच त्यांच्या हातात पेन्सिल नव्हती.

दुसऱ्या दिवशी सार वही घेऊन तिरुभुवनम्‌ला गेले. त्यांनी मल्लिकाच्या भावांना उपदेश केला नाही. पहिलं भाषण वाचलं, मग दुसरं, मग तिसरं, आणि विचारलं, "यातलं कुठलं खरं धरायचं, ते मला ठरवता येत नाही. तुम्ही तिसरंच का धरलं?" भाऊ म्हणाले, "ते शेवटचं म्हणून." सार म्हणाले, "मग चौथं होईपर्यंत तरी थांबा." स्थळाचा विषय मागे पडला.

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, आमच्याकडे यंत्रांना गंध लावून हार घालतात. त्या वर्षी सारांनी दोन हार जास्त आणले. सोळा यंत्रं चंदन-कुंकू लावून बसली होती, खाली भांड्यांच्या दुकानात हातोडे बंद होते. सारांच्या पत्नी होत्या आणि दाराशी, आत यावं की नाही अशा अवस्थेत, मल्लिकाचे भाऊ होते. मंचाखाली आयुष्य काढलेले सार त्या दिवशी प्रथमच उभे राहून बोलले, आणि तेही स्वतःचं नाही. त्यांनी कदिरवेलूंचं पहिलं भाषण वहीतून वाचलं. "तिसऱ्याने तोंड घालायचं कारण नाही" या वाक्याला भाऊ आत आले आणि बाकावर बसले. आम्ही एकमेकींना मालै घातली.

त्यानंतर दहा-बारा वर्षांनी कदिरवेलू जिना चढून संस्थेत आले. मी तेव्हा तिथेच शिकवू लागले होते. मद्रासच्या एका मासिकाने त्यांना विचारलं होतं, दोन बायकांनी लग्न करावं का? "हे मी फार पूर्वीच बोललो होतो, सार. तुमच्या वहीत असेल. तेवढं पान द्या."

"तिन्ही पानं देतो," सार म्हणाले, "एकटं पान मिळायचं नाही." मग त्यांनी अगदी लहान मुलाच्या उत्सुकतेने विचारलं, "कदिरवेलू, मधे काय झालं?"

कदिरवेलूंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पहिल्या वेळी कुणी खरंच विचारायला येईल असं वाटलं नव्हतं. मग या दोघी आल्या. मी घाबरलो."

सारांनी तेही टिपून घेतलं. कदिरवेलू माझ्याकडे वळले. "ते लग्न झालं का?"

"झालं."

"अध्यक्ष कोण होतं?"

"तुम्हीच, अय्या," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. ते खाली बसले. सारांनी दिलेल्या तीन पानांची घडी करत राहिले.

मासिकात त्यांचं उत्तर आलं: "समाजाची तयारी व्हायला हवी." सारांनी तेवढं कात्रण कापून वहीत चिकटवलं आणि कडेला प्रश्न लिहिला.

सार, रेशनकार्डावर मी आणि मल्लिका अजून बहिणी आहोत. कधीतरी कुणी पुढारी मंचावर उभे राहून आमचं नातं त्याच्या खऱ्या नावाने उच्चारतील, आणि दुसऱ्या दिवशी ते फिरवणार नाहीत. ते भाषण तुमच्या वहीत यायचं आहे, दुसऱ्या कुणाच्या नाही. म्हणून आम्ही दोघी देवाकडे तुमच्यासाठी शंभरीच्याही पलीकडलं आयुष्य, शाबूत कान आणि न थरथरणारा हात मागतो. स्टूल तुम्ही आणा. मागच्या दोन खुर्च्या आम्ही धरून ठेवतो.