दोरीचं वजन

आमच्या वर्गात एक मुलगा होता, तो गणिताला हात घालण्याआधी दोरी कशाची आहे ते विचारायचा. पुस्तकात एवढंच दिलेलं असायचं की एका दोरीला अमुक वजन टांगलं आहे, दोरीतला ताण काढा. आम्ही सूत्र शोधायला लागायचो. तो पेन्सिल कानावर अडकवून म्हणायचा, "घायपाताची का अंबाडीची? ओली का वाळकी?" कुणी उत्तर दिलं नाही की स्वतःच ठरवायचा, समासात 'अंबाडी, वाळकी' असं लिहायचा आणि मग कामाला लागायचा.

त्याचे वडील घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दोऱ्या विकत. कासरे, दावी, वेसणी, सगळं घरीच वळलेलं. दुष्काळाच्या साली तो नगरला कॉलेजात आला, विज्ञान शाखेच्या अकरावीला. वडिलांनी त्याला बजावलं होतं, "एक साल देतो. पास झालास तर पुढं शीक, न्हाई तर पीळ घालायला ये." हे तो हसत सांगायचा, पण दर चाचणीच्या आदल्या दिवशी सांगायचा. त्याला डिप्लोमा करून पाण्याचे पंप आणि यंत्रं यांच्याकडे जायचं होतं.

त्याचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. तशी परवानगी मागायची हिंमत झाली नाही. आम्ही त्याला 'बॉडी' म्हणायचो आणि हे नाव मी पाडलं होतं. शाळा मराठीत आणि कॉलेज एकदम इंग्रजीत, अशी आमची सगळ्यांचीच गत होती. पहिल्याच आठवड्यात पदार्थविज्ञानाच्या सरांनी फळ्यावर लिहिलं, 'अ बॉडी इज ॲट रेस्ट', आणि त्याला अर्थ विचारला. तो उभा राहिला. "मयत पडलेलं हाय, सर."

वर्ग हसला. सरांनी गमतीने विचारलं, "आणि तीच बॉडी एकसारख्या वेगाने चालली असेल तर?"

"खांद्यावर घेत्यात तवा, सर. तिरडी एकाच चालीनं नेत्यात. घाई न्हाई आन थांबणं न्हाई."

सर हसायचे थांबले. म्हणाले, "एकसारख्या वेगाचं इतकं चांगलं उदाहरण या पुस्तकात नाही." मला ते लागलं. घरी इंग्रजी शब्दकोश असलेला वर्गातला बहुधा मी एकटाच, आणि कौतुक झालं ते चुकलेल्या अर्थाचं. पुढे 'स्मूथ प्लेन'वरून, म्हणजे गुळगुळीत उतारावरून, बॉडी घसरते हे वाचून "इमानातून मयत घसरवत्यात कशाला?" असं त्यानं विचारलं, तेव्हा ते कॉलेजभर पसरवण्याचं काम मी मन लावून केलं. तो माझ्यावर रागावला नाही. नवा शब्द कळला की त्याला आनंदच व्हायचा, हसणारा कोण आहे हे तो बघायचा नाही.

रविवारी तो बोर्डिंगातून चालत केडगावला माझ्याकडे यायचा, कारण गणितांचं पुस्तक माझ्याकडे होतं. आमच्या विहिरीचं पाणी त्या वर्षी तळाला गेलेलं. आई पाणी शेंदताना दिसली की हा उठायचा, "काकू, सरका" म्हणून दोर हातात घ्यायचा. एकदा पाचसहा बादल्या काढून तसाच थांबला आणि मला म्हणाला, "हे बघ, तळाशी बादली जड लागती. वर येतीय तशी हलकी हुती. पाणी तर तेवढंच हाय." मी म्हणालो, तुझा भास आहे. त्याने माझ्या हातात दोर दिला. भास नव्हता. मी मात्र तसं कबूल केलं नाही.

नंतरच्या आठवड्यात सरांनी फळ्यावर कप्पी काढली, दोन्ही बाजूंना दोन वजनं, आणि सांगितलं की दोरीतला ताण सगळीकडे सारखाच. बॉडी उभा राहिला. "सर, दोरीचं वजन कुठं गेलं?"

सरांनी खडू खाली ठेवला. "या वर्गात एकानेच दोरी पाहिलेली दिसते," ते म्हणाले. "उत्तर गणितातच लिहिलेलं आहे. एका शब्दात. शोधून या."

तो रविवारी आला आणि आल्या आल्या त्याने माझं पुस्तक उघडलं. 'अ लाइट स्ट्रिंग' या शब्दांवर बोट ठेवून म्हणाला, "स्ट्रिंग म्हंजी दोरी. लाइट म्हंजी?"

मला अर्थ माहीत होता. लाइट म्हणजे हलकी, इतकी हलकी की तिचं वजन धरायचंच नाही. तोच तो सरांचा शब्द. सोमवारी हा वर्गात उठून तो सांगणार, आणि सर पुन्हा खडू खाली ठेवणार, हे मला दिसत होतं. मी म्हणालो, "लाइट म्हणजे लाइट. वीज. कप्पीवरून दिव्याची तार सोडतात, तसलं काहीतरी. विजेचं प्रकरण ते, पुढच्या वर्षीचं."

"असं व्हय," तो म्हणाला. गावाकडे लाइट आली, लाइट गेली, हेच तर आम्ही म्हणायचो. त्याने त्या गणितासमोर पेन्सिलीने 'वीज' असं लिहिलं. "मंग माझ्या दोरीचं उत्तर दुसरीकडं कुठंतरी असंल."

वाटलं होतं, दोन दिवस गंमत बघू आणि सांगून टाकू. पण सोमवारी सर आलेच नाहीत. त्यांना कावीळ झाली होती. उरलेला भाग दुसऱ्या सरांनी पळवत संपवला आणि मीही गप्प राहिलो.

वार्षिक परीक्षेत सर्वांत मोठं गणित कप्पीचं आलं. 'अ लाइट स्ट्रिंग पासेस ओव्हर'. मी मान वळवून पाहिलं. पलीकडच्या बाकावर त्याने तो प्रश्न वाचला, त्यावर शांतपणे काट मारली आणि तो पुढच्या प्रश्नाकडे गेला. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "ते लाइटचं आपल्याला नव्हतंच ना?"

"नव्हतं," मी म्हणालो. आदली थाप पोरकटपणाची होती असं मी स्वतःला अनेकदा समजावलं आहे. या एका शब्दाचं तसं करता येत नाही.

तो बाकी सगळ्या विषयांत पास झाला, पदार्थविज्ञानात थोडक्यात राहिला. एसटी स्टँडवर त्याने पिशवीतून हातभर दोरी काढून मला दिली. "सायकलच्या क्यारियरला बांध. तुझी पुस्तकं पडत्यात सारखी." मी पुढे पदार्थविज्ञानाचाच शिक्षक झालो. फळ्यावर 'लाइट स्ट्रिंग' लिहिताना दरवर्षी माझा हात अडतो.

गेल्या वर्षी, पन्नाशी जवळ आल्यावर, घोडेगावच्या बाजारात गेलो. दावणी संपतात तिथे लिंबाखाली तो दोरी वळत बसला होता. केस पिकले होते, कानावर पेन्सिल नव्हती. "केडगावकर का रं?" त्यानेच ओळखलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

त्याने ऐकून घेतलं. मग नव्या दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन वीसेक पावलं मागे गेला.

"ताण."

मी ताणली.

"आजून. पाय रोव."

मी अंगातलं होतं नव्हतं तेवढं लावलं.

"आता मधी बघ," तो तिकडून म्हणाला. "कितीबी ताण, झोळ राहतोच. वजन हाय ना तिला."

मी मान हलवली.

"लाइट म्हंजी हलकी, ते मला पोरीच्या पुस्तकात गावलं. तिच्या बारावीच्या साली."

"मग तू मला कधी..."

"मला वाटलं, तुलाबी ठावं नसंल." तो दोरीकडे बघत होता. "इतकी वर्सं मी तसंच धरून चाललो हुतो."

माझा हात खाली यायला लागला.

"टोक सोडू नगंस," तो म्हणाला. "पीळ उलगडंल." आणि त्याने त्याच्या बाजूने दोरी फिरवायला सुरुवात केली.