मामींची टाळी

माझ्या सासूबाईंनी भजनात टाळ्या वाजवणं सोडलं, त्याला कारण मी आहे. सहा वर्षं ही गोष्ट मी पोटात ठेवली. आता सांगून टाकतो.

सासूबाईंना आम्ही मामी म्हणतो. त्या मंगरूळपीरच्या, भजनी मंडळातल्या. त्या, मी, बायको सुनंदा आणि माझा मित्र गजानन असे चौघे वाशीमहून रेल्वेनं हैदराबाद पाहायला गेलो होतो. सुनंदाची हौस एकच : गोवळकोंड्याच्या टोकावरून अख्खं शहर पाहायचं. संध्याकाळची परतीची गाडी होती, म्हणून सकाळीच किल्ला गाठला.

मोठ्या दरवाजाखाली गाईडनं टाळी वाजवून सांगितलं, इथली टाळी पार वरच्या महालापर्यंत ऐकू जाते. मामींचे गुडघे धड नव्हते. त्या डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन तिथंच बसल्या.

"मामी, काई लागलं त टाळी वाजवजा, आमी खाली येतो!" गजानन म्हणाला.

काय डोकं! त्या दरवाजाखाली येणारा प्रत्येक माणूस टाळीच वाजवतो, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही!

पाव किल्ला चढलो, टाळी आली. धावत खाली.

"काय झालं व आई?"

"मले काय होते? तुमीच काहून आले?"

मग तीन टाळ्यांची खूण ठरली. अर्धा किल्ला चढलो. तेवढ्यात खाली शाळेची सहल आली. (पोरं तीनवर थांबतात होय?) पुन्हा खाली! शेवटी गजाननानं तोड काढली : "मामी, तुमच्या भजनाचा ठेका वाजवजा. तो या हैद्राबादेत कोणाले येते?"

तिसऱ्या चढाईत दहाव्या पायरीवरच माझे पाय म्हणाले, बस. मी तोंडानं म्हणालो, "मामीजवळ कोणीतरी पाह्यजे." सुनंदाला केवढं कौतुक वाटलं!

खाली मामींना डुलकी लागली होती. पिशवीतून ठेच्याचा वास येत होता. पण सुनंदाची ताकीद होती, "वरून आल्याबिगर डबा उघडाचा नाई!" अर्धा तास मी त्या पिशवीकडे पाहिलं. मग दरवाजाखाली गेलो आणि मामींचा ठेका वाजवला. चांगला दणकून!

सुनंदा धापा टाकत आली, डोळ्यांत पाणी. "आई! काय होऊन राह्यलं तुले?"

मामी दचकून जाग्या झाल्या. "मले? मी त झोपली होती!"

"ठेका तुयाच होता!"

"देवाशपथ मी नाई वाजवला व!"

"मामी झोपेतई भजन करतात!" गजानन ओरडला. सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. शिवाय दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. पुन्हा चढायला वेळच उरला नाही.

गजाननानं तो किस्सा जिल्हाभर केला. मामी भजनाला बसल्या की कोणीतरी म्हणायचंच, "मामी, जाग्या आहा ना?" हळूहळू त्या हात मांडीवर ठेवून बसू लागल्या.

गेल्या महिन्यात आमच्या घरी भजन होतं. सगळ्यांचे हात वाजत होते, मामींचे तेवढे गप्प. मला राहवलं नाही. भजन थांबवून म्हणालो, "मामी, गोवळकोंड्यावर तो ठेका मी वाजवला होता. भूक लागली होती."

पेटीवाल्याचा हात जागीच राहिला.

"अवो, दहा पायऱ्या राह्यल्या होत्या माया!" सुनंदा किंचाळली.

मामी पेटीवाल्याला म्हणाल्या, "घ्या बाप्पा पुढचं." आणि असा ठेका धरला की आवाज शेजारच्या गल्लीत गेला असेल. भजन संपल्यावर माझ्याकडे वळल्या.

"जावईबापू, सुनंदाले घेऊन या दिवाळीत पुन्हा जाचं. मी खाली बसतो डबे घेऊन, तुमी वर जाजा. मी ठेका वाजवला का खाली याचं. पिशवीले हात न लावता पुन्हा वर जाचं. माये हात दुखेपर्यंत."

सहा वर्षं टाळी न वाजवलेले हात आहेत ते. इतक्यात काही दुखायचे नाहीत!